कापसाच्या पाकिटातली छोटी पुडी

आपल्या भागात कापूस नाही, पण ही कापसाची गोष्ट आपल्याही कामाची आहे.

२००२ ला बीटी कापूस आला. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या, म्हणजे नॉन-बीटी कापसाची पुडी मिळायची. 'कडेनं लावा' म्हणायचे. पण कशासाठी? साध्या कापसावर वाढलेला पतंग बीटी पचवलेल्या पतंगाशी जुळला, की पुढची पिढी बहुतेक बीटीनं मरते. हे कारण बांधावर नीट पोचलंच नाही. बऱ्याच जणांनी पुडी बाजूला टाकली. २०१७ ला विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली. कारणं बरीच होती, त्यात हेही एक.

आता मे २०२५ मध्ये जीनोम एडिटिंगचे भाताचे दोन वाण जाहीर झाले. हे बीटीसारखं नाही. बाहेरचा जीन न ठेवता भाताच्याच जीनमध्ये बदल केलाय. उद्या असं बी आजरा-चंदगडला आलं, तर शास्त्रज्ञांनी 'सुरक्षित आहे, घाबरू नका' एवढ्यावर थांबू नये. काय बदललं, ते कुठं कमी पडेल, बी घरचं धरता येईल का, हे सगळं सांगावं.

दहावी शिकलेल्यालाही कारण कळतं, साहेब. नुसता हुकूम मात्र कुणी पाळत नाही.