केशराचे बी नसते

दिवाळी तोंडावर आली की काश्मीरात पांपोरच्या माळावर जांभळी फुले जमिनीलगत उमलू लागतात. प्रत्येक फुलात लाल तंतू फक्त तीन. दीड लाखाच्या आसपास फुले खुडावीत, तेव्हा कुठे किलोभर केशर हाती येते. त्याचा भाव ऐकून हिवरा आश्रमच्या शिवारातल्या शेतकऱ्याचे डोळे विस्फारले, तर त्यात नवल ते काय? सोयाबीन निघाल्यावर रब्बीत काय पेरावे, हा त्याचा दरवर्षीचा घोर.

नेमक्या याच घोरावर 'अमेरिकन केशरा'च्या बियाण्याचा धंदा चालतो. पाकिटावर जांभळे फूल असते. शेतात मात्र उगवते काटेरी झुडूप आणि त्याला येतात केशरी फुले. घरातली आजी ते पाहताच म्हणेल, "अरे, ही तर आपली करडई!" आणि ती खरीच करडई असते. करडई वाईट नव्हे; तिच्या तेलावर आणि भाजीवर आपल्या पिढ्या पोसल्या. पण करडई केशराच्या भावाने घेणे हा शुद्ध गंडा आहे.

तो ओळखायला प्रयोगशाळा नको. केशराचे झाड वांझ आहे. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी धरतच नाही. हजारो वर्षे माणसाने त्याचे कंदच लावले आहेत. तेव्हा कोणी केशराचे 'बी' दाखवले, की व्यवहार तिथेच थांबवावा. शंका उरली तर हिवरा आश्रमातच कृषी महाविद्यालय आहे, तिथे दाखवावे.

कंदांतही फसगत होते. केशराच्या कुळात शरदात फुलणाऱ्या इतर जातीही आहेत. त्या बागेत शोभतात, पण मसाल्याच्या कामाच्या नाहीत. कोल्चिकम तर थेट विषारी. फूल हुबेहूब तसेच, मात्र त्यात पुंकेसर सहा, केशराला तीन. आपल्या रानातल्या कळलावीत जे विष आहे, तेच या कोल्चिकममध्ये.

पुण्यासारख्या ठिकाणी वातानुकूलित खोलीत खरे केशर फुलवणारेही आता आहेत. हौस जरूर करावी. पण आधी विजेच्या बिलाचा हिशेब मांडावा, आणि कंद घेताना तराजू जवळ ठेवावा. सात-आठ ग्रॅमहून हलका कंद बहुधा पहिल्या वर्षी फुलतच नाही.