परांची दिसली तरी चालेल, अहवाल दिसला पाहिजे
साप्ताहिक सदर : किनाऱ्यावरचं घर

दिवाळी उलटली की रायगडच्या किनारपट्टीवर इमारतींभोवती बांबूच्या परांच्या चढू लागतात. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, उरण, तिकडे पनवेल-उलवे-कामोठे. सगळीकडे पावसाळा संपल्यापासून मे अखेरपर्यंतचे महिनेच काय ते दुरुस्तीच्या हाताला लागतात. घर बघायला येणाऱ्यांची वर्दळही याच दिवसांत असते. त्यामुळे या सदराकडे दर हंगामात एक प्रश्न हमखास येतो : फ्लॅट आवडलाय, भाव बसतोय, पण सोसायटीत स्ट्रक्चरल रिपेअरिंग चालू आहे. घ्यावा का?

माझं उत्तर असं आहे : कागद दाखवत असतील तर जरूर घ्या. समुद्राजवळच्या इमारतीला दुरुस्ती लागणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जिथे परांची बांधली आहे तिथे निदान दुखणं कबूल केलेलं आहे, तज्ज्ञाने तपासलं आहे आणि त्यावर पैसे खर्च होत आहेत. मला काळजी वाटते ती शेजारच्या, नुकताच रंग मारलेल्या इमारतीची, जिथे ऑडिटचा विषय काढला की सेक्रेटरी म्हणतात, ‘आमच्याकडे तसलं काही नाही.’

हा प्रश्न आज निकडीचा झाला, कारण किनारा मुंबईच्या जवळ आला. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल पोहोचली. 2025 च्या अखेरीस नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. भाव चढले, व्यवहार घाईने होऊ लागले. ‘आज टोकन द्या, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय’ असं एजंट म्हणतो, आणि समुद्रापासून दूर वाढलेलं कुटुंब बाल्कनीतून दिसणारी खाडी बघून टोकन देऊन मोकळं होतं. बाल्कनीखालच्या स्लॅबला पोपडे आलेत का, हे कोणी मान वर करून बघत नाही.

म्हणून आधी दुखणं समजून घेऊ. चांगल्या काँक्रीटमधली सळई गंजत नाही, कारण सिमेंटच्या अल्कलीमुळे तिच्यावर एक पातळ संरक्षक थर तयार झालेला असतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोहोचलं की हा थर फुटतो. बांधताना खाडीची रेती नीट न धुता वापरली असेल, तर क्लोराइड पहिल्या दिवसापासूनच आत असतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. त्या दाबाने काँक्रीटला सळईच्या रेषेत तडा जातो, तड्यातून आणखी ओल आणि मीठ आत जातं, आणि शेवटी सळईवरचं आवरण सुटून खाली पडतं. तळमजल्याचे कॉलम, संडास-बाथरूमखालचे स्लॅब, छज्जे आणि बाल्कन्या यांना हा त्रास आधी होतो.

यावर नेमकं काय करावं, हे आपल्या मानकांत लिहिलेलं आहे. आयएस 456 : 2000 मध्ये किनारपट्टीच्या हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी किमान एम-30 दर्जा आणि सळईवर 45 मिलिमीटर आवरण सांगितलं आहे. समुद्राच्या तुषारांचा मारा होत असेल तर एम-35 आणि 50 मिलिमीटर. सौम्य हवामानाच्या ठिकाणी 20 मिलिमीटर आवरण पुरतं. म्हणजे देशावरच्या सवयीने, 20-25 मिलिमीटर आवरण ठेवून इथे इमारत उभी केली असेल, तर तिचं आयुष्य नकाशावरच कमी झालेलं असतं. विकत घेणाऱ्याला ते डोळ्यांनी दिसत नाही. चाचणीत मात्र दिसतं.

आता नियम काय म्हणतात ते बघा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. हे वेळापत्रक नागपूरला आणि मुरूडला सारखंच लागू आहे. पहिल्या 15 वर्षांत ऑडिटची सक्तीच नाही. आणि याच जिल्ह्यात, महाडच्या काजळपुरा भागात, 24 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळून 16 माणसं गेली. ती इमारत जेमतेम दहा वर्षांची होती. तिथे दोष खाऱ्या हवेवर आला नाही. प्रश्न बांधकामाच्या दर्जाचा होता, आणि विकासक, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार यांच्यासह नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. पण माझ्या दृष्टीने त्या घटनेतली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. उपविधींच्या हिशेबाने तारिक गार्डनची तपासणी करण्याची वेळच अजून आलेली नव्हती. इमारतीचं वय हे तिच्या प्रकृतीचं प्रमाणपत्र होऊ शकत नाही. किनाऱ्यावर तर नाहीच.

त्यामुळे ‘नवी आहे, बारा वर्षांचीच आहे’ या वाक्यावर घर घेऊ नका, आणि ‘दुरुस्ती चालू आहे’ या वाक्यावर सोडूही नका. दोन्ही ठिकाणी अहवाल मागा. अहवाल म्हणजे ‘इमारत राहण्यास योग्य आहे’ असं लिहिलेला एक पानी दाखला नव्हे. खऱ्या ऑडिटमध्ये चाचण्यांचे तक्ते असतात : रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक पल्स, कोअर काढून तपासलेली ताकद, कार्बोनेशनची खोली आणि किनाऱ्यासाठी सर्वांत महत्त्वाच्या दोन गोष्टी, म्हणजे क्लोराइडचं प्रमाण आणि हाफ-सेल पोटेन्शियल. आयएस 456 नुसार सळई असलेल्या काँक्रीटमध्ये क्लोराइड घनमीटरला 0.6 किलोपेक्षा जास्त नसावं. हाफ-सेलचा आकडा उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली गेला असेल, तर त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून अधिक धरतात. या दोन चाचण्या अहवालात नसतील तर सल्लागाराला कारण विचारा. शेवटी वर्ग बघा. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करायची इमारत. सी-2ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-2बी म्हणजे माणसं आत असताना करता येणारी संरचनात्मक दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ काम. सी-2बी मधलं घर शहाणा माणूस घेऊ शकतो. सी-1 मधलं घर म्हणजे पुनर्विकासावर लावलेली पैज आहे, आणि सीआरझेडच्या पट्ट्यात वाढीव मजले मिळतीलच असं गृहीत धरून ती लावू नये.

अहवाल वाचला की प्रत्यक्ष काम बघायला जा. शक्य झाल्यास ओळखीचा सिव्हिल इंजिनिअर सोबत न्या. त्याच्या फीइतके पैसे या व्यवहारात दुसऱ्या कशावरही इतके सार्थकी लागणार नाहीत. गंजलेल्या सळईभोवतीचं काँक्रीट तिच्या मागच्या बाजूपर्यंत फोडतायत का, की फक्त पुढून खरवडून पॉलिमर मॉर्टार थापतायत? सळईची जाडी घटली असेल तिथे नवी सळई जोडतायत का? कॉलमला मायक्रो-काँक्रीटचं जॅकेट घालताना स्लॅबखाली टेकू लावलेत का? मिठाने बाधलेल्या काँक्रीटमध्ये फक्त पडलेला तुकडा भरला, तर भरलेल्या जागेच्या कडेला गंज अधिक जोराने सुरू होतो, आणि तीन-चार पावसाळ्यांत तिथेच पुन्हा पोपडे येतात. क्रमही बघा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि गळके पाइप आधी, मग कॉलम-बीम-स्लॅब, मग गिलावा, सगळ्यांत शेवटी रंग. ज्या सोसायटीत पुढच्या बाजूचा रंग आधी झाला आहे, तिथे विक्रीची घाई दुरुस्तीच्या पुढे धावते आहे असं समजा.

आता पैशाचं. उपविधींप्रमाणे दुरुस्ती-देखभाल निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के दरवर्षी जमवायचा असतो. फ्लॅटचा बांधकाम खर्च 15 लाख धरला, तर वर्षाला 11,250 आणि 3,750 रुपये. वीस वर्षांत व्याज न धरता तीन लाख प्रत्येक फ्लॅटमागे साठायला हवेत. अनेक सोसायट्यांत ते साठलेले नसतात. अलिबाग-किहीमच्या बाजूला तर निम्मे सभासद सुट्टीपुरते येणारे असतात. बंद घरातली गळती महिनोन्महिने कोणाला कळत नाही आणि सर्वसाधारण सभेला गणपूर्ती होत नाही. मग एकदम मोठी वर्गणी काढली जाते, आणि नेमकं त्याच वेळी काही जण फ्लॅट विकायला काढतात. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते वर्गणीचं ओझं न सांगता विकणं.

त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव वाचा : एकूण खर्च किती, जीएसटी धरून का, वाटणी क्षेत्रफळाप्रमाणे की सरसकट, किती हप्ते, विक्रेत्याने किती भरले. थकबाकी नसल्याचा सोसायटीचा दाखला घ्या, कारण देणी चुकती झाल्याशिवाय हस्तांतर पूर्ण होत नाही. करारात स्पष्ट लिहून घ्या की करारापूर्वी मंजूर झालेल्या कामाचे सगळे हप्ते विक्रेत्याचे, आणि याच कामाचा खर्च वाढला तर तो कोणाचा. उरलेल्या हप्त्यांइतकी रक्कम किमतीतून राखून ठेवा. कंत्राटदाराची हमी किती वर्षांची, काम संपल्यावर सल्लागार स्थैर्य प्रमाणपत्र देणार का, हेही फाइलमध्ये असायला हवं. इमारत नवी असेल आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर रेराच्या कलम 14 नुसार संरचनात्मक दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. सोसायटीने त्याला लेखी कळवलंय का ते विचारा. भोगवटा प्रमाणपत्र, कन्व्हेयन्स आणि सिडकोची जमीन असेल तिथे सिडकोची परवानगी, हे तर नेहमीचंच.

हे सगळं एकट्या खरेदीदाराने मागत फिरायचं, हे मला मान्य नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 रोजी आग लागली, बाहेरून लावलेल्या ज्वालाग्राही क्लॅडिंगमुळे ती भडकली आणि 72 जणांचा बळी गेला. त्यानंतर तिथे तशा आवरणाच्या इमारतींमधले फ्लॅट विकले जाईनात, बँका कर्ज देईनात, आणि दुरुस्तीची बिलं सामान्य घरमालकांवर येऊ लागली. तिकडे नोकरीनिमित्त गेलेल्या आणि घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही हा अनुभव परका नाही. तिथल्या 2022 च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याने एक गोष्ट ठरवली : 11 मीटरपेक्षा उंच इमारतींत पात्र घरमालकांनी धोकादायक क्लॅडिंग काढण्याचा खर्च द्यायचा नाही, आणि हे संरक्षण घराबरोबर पुढच्या खरेदीदाराकडे जातं. तो कायदा पाच वर्षं उशिरा आला, त्यात त्रुटीही आहेत. पण ‘खर्च कोणाचा’ या प्रश्नाचं उत्तर त्याने खरेदीदाराच्या वाटाघाटीच्या जोरावर सोडलं नाही.

आपल्याकडे एवढं मोठं पाऊल लगेच पडणार नाही, हे मी जाणतो. तीन लहान पावलं मात्र सहज टाकता येतील. किनारी तालुक्यांसाठी पहिल्या ऑडिटची अट 15 वर्षांवरून पाच वर्षांवर आणावी आणि त्यात क्लोराइड व हाफ-सेल चाचणी सक्तीची करावी. नगरपालिका, नगरपंचायती आणि पनवेल महापालिका यांनी ऑडिट झालेल्या प्रत्येक इमारतीचा वर्ग जाहीर करावा. पावसाळ्याच्या तोंडावर फक्त अतिधोकादायक इमारतींची यादी लावणं पुरेसं नाही. आणि खरेदीखताच्या नोंदणीवेळी ऑडिट अहवाल व दुरुस्तीचा ठराव जोडणं बंधनकारक करावं. याने प्रामाणिक सोसायटीचं नुकसान होणार नाही. उलट ज्यांनी वेळेवर वर्गणी काढून इमारत सांभाळली, त्यांच्या घरांना चढा भाव मिळेल, आणि तो मिळायलाच हवा.

नियम बदलेपर्यंत खरेदीदाराच्या हातात एकच ताकद आहे, ती म्हणजे टोकन. ते देण्याआधी अहवाल आणि ठराव वाचायला मागा. सोसायटीने फाइल उघडून दाखवली तर परांचीखालून निर्धास्त आत जा. अहवाल नाहीच म्हणाले, तर तो आपल्या खर्चाने करून देण्याची तयारी दाखवा. त्यालाही नकार आला, तर दुसरं घर बघा. या किनाऱ्यावर घरांचा तुटवडा नाही.