माऊस कुणाच्या हातात?



या आठवड्याच्या टपालात वहीचं फाडलेलं एक पान आलं. निळ्या शाईत, दोन्ही बाजूंनी भरगच्च लिहिलेलं. पाठवणारी मैत्रीण नववीत शिकते आणि ती पोखर्णीची आहे. ‘नाव छापू नका, घरी बोलणी बसतील’ असं लिहून तिनं त्याखाली दोन रेघा मारल्यात. तेव्हा नाव सांगत नाही. पोखर्णी म्हणजे परभणी जिल्ह्यातलं, नृसिंहाचं. परभणीहून रेल्वेनं परळीकडे निघालं की वाटेत हे स्टेशन लागतं. त्या भागातले तुमच्यापैकी बरेच जण आजी-आजोबांचं बोट धरून नृसिंहाच्या दर्शनाला जाऊनही आले असतील.

तर पत्रातला मुख्य भाग असा :

“काका, सुट्टीत मी मामाच्या गावी गेले होते. तिथं आठ दिवसांचा कॉम्प्युटरचा वर्ग होता. एका कॉम्प्युटरवर आम्ही पाच जण. आठही दिवस माऊस एकाच मुलाच्या हातात. मी म्हटलं, मला दे की थोडा वेळ. तर म्हणतो, तू बघ ना, दिसतंय की तुला! सर म्हणाले, भांडू नका. शेवटच्या दिवशी सगळ्यांना प्रमाणपत्र मिळालं. मलाही मिळालं. पण माऊस मी एकदाच धरला, तोही कॉम्प्युटर बंद करायला. घरी मोबाईल आहे, पण तो दादाकडेच असतो. काका, मला कॉम्प्युटर येतो असं मी म्हणू का?”

पत्र वाचलं आणि मला माझी शाळा आठवली. आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला स्वतंत्र खोली मिळाली. खोलीला पडदे, आतल्या यंत्रांना मखमली झगे, आणि बाहेर पाटी : ‘चपला काढून आत यावे.’ देवघरच म्हणा ना! आठवड्यातून एक तास आम्ही रांगेनं आत जायचो, सर एक कळ दाबायचे, पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची आणि आम्ही ‘आहाऽऽ’ करायचो. हात लावायची परवानगी नव्हती. परीक्षेत मात्र ‘कॉम्प्युटरचे भाग सांगा’ हा प्रश्न हमखास. मला पैकीच्या पैकी गुण होते. आणि कॉम्प्युटर? काडीचाही येत नव्हता.

सायकल बघून कुणाला आली आहे का? विहिरीच्या काठावर बसून पोहणं आलंय? मग कॉम्प्युटरच बघून यावा, असं लोकांना का वाटतं कोण जाणे!

जगभरच्या मोठ्या माणसांनीही या प्रश्नावर डोकी खाजवली आहेत, आणि काही भारी उद्योगही केले आहेत. त्यातला एक दिल्लीचा. १९९९ च्या जानेवारीत सुगत मित्रा नावाच्या शास्त्रज्ञांनी कालकाजी भागातल्या आपल्या कार्यालयाच्या भिंतीला भोक पाडलं. भिंतीपलीकडे झोपडपट्टी. त्या भोकात त्यांनी कॉम्प्युटर बसवला, पडदा झोपडपट्टीच्या बाजूला, आणि कुणाला काही न सांगता ते बाजूला झाले. शिक्षक नाही, पुस्तक नाही, चपला काढायची पाटी तर नाहीच. मुलं जमली. बोट लावलं, काहीतरी हललं, पुन्हा लावलं. थोड्याच दिवसांत ती एकमेकांना शिकवू लागली. गंमत म्हणजे त्यांना इंग्रजी नावं माहीत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःचीच ठेवली. पडद्यावर फिरणाऱ्या बाणाला ती म्हणायची ‘सुई’. आणि यंत्र काम करत असताना वाळूच्या घड्याळाचं जे चित्र दिसायचं, त्याला म्हणायची ‘डमरू’! मला तर ही नावं खऱ्या नावांपेक्षा आवडतात. पुढे असे कॉम्प्युटर आणखी ठिकाणी बसले. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या काही गावांतही बसले.

टीकाही झाली, तीही सांगायला हवी. काही अभ्यासक तिथं जाऊन आले आणि म्हणाले, मुलं खेळ खेळतात, चित्रं रंगवतात, त्यापुढे फारशी जात नाहीत. म्हणजे हात लावायला मिळालं ही मोठी गोष्ट, पण तेवढ्यानं सगळं भागलं असंही नाही.

दुसरा उद्योग याहून मोठा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले निकोलस निग्रोपॉन्टे म्हणाले, प्रत्येक मुलाला स्वतःचा लॅपटॉपच देऊ या, शंभर डॉलरचा. तो शंभरात काही बसला नाही, २००७ मध्ये किंमत १८८ डॉलरवर गेली. पण लॅपटॉप झाला, हिरवा-पांढरा, सशाच्या कानांसारखे दोन कान असलेला. आणि भारतात तो पहिल्यांदा कुठं आला असेल? मुंबईत नाही, बंगलोरला नाही. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट नावाच्या छोट्याशा गावात, एकशिक्षकी शाळेत, २००७ साली! तिकडे दक्षिण अमेरिकेत पेरू देशानं तर लाखो लॅपटॉप वाटले. नंतर तिथल्या ३१९ खेडेगावच्या शाळांमध्ये तपासणी झाली. २०१२ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा, की मुलांचं गणित आणि भाषा काही सुधारली नव्हती. यंत्र घरात आलं, पण त्याचं करायचं काय हे सांगणारं, विचारणारं कुणी नव्हतं.

आता तिसरी गोष्ट, आणि ही माझी सर्वांत लाडकी.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. पाऊस बेताचा, पाण्याची ओरड कायमची. आपल्या मराठवाड्यातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. या गावात १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग राहायला आले. अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट मिळवलेले, मुंबईत मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेले. ते सगळं सोडून त्यांनी पाबळला ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस हातानं काम करता करता शिकतो, आणि ते काम गावाच्या उपयोगाचं असलं तर विसरत नाही. म्हणून तिथली मुलं वेल्डिंग करायची, बांधकाम करायची, जनावरांची देखभाल शिकायची. जमिनीत वीज सोडून खाली पाणी कुठं असेल याचा अंदाज घेणारं एक यंत्र असतं, ते चालवायलाही तिथले तरुण शिकले. यातले बरेच जण शाळा सुटलेले किंवा नापास झालेले. त्यांच्या हातात कुणी मखमली झगा घातलेलं यंत्र दिलं नाही. ‘हे बिघडलंय, उघडून बघ’ म्हणून दिलं.

आणि मग २००२ साली एक नवल झालं. त्याच एमआयटीतले नील गेर्शनफेल्ड ‘फॅब लॅब’ म्हणून एक कल्पना घेऊन निघाले होते. फॅब लॅब म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेलं वर्कशॉप. तुम्ही पडद्यावर एखाद्या वस्तूचं चित्र काढायचं, की शेजारचं यंत्र लाकूड, प्लास्टिक किंवा तांब्याचा पत्रा अगदी त्या मापानं कापून देतं. रेडिओच्या आत असते तशी सर्किटची पट्टीसुद्धा घरच्या घरी बनते. अमेरिकेतल्या त्या संस्थेबाहेरची पहिलीवहिली फॅब लॅब कुठं उघडली, ठाऊक आहे? पाबळला! आज जगातल्या शंभरावर देशांत अशा प्रयोगशाळा आहेत, आणि त्यांच्या यादीत सुरुवातीलाच आपलं पाबळ. तिथं मुलांनी काय केलं? गावाला जे हवं होतं ते. दूध कसं तपासायचं, डिझेल इंजिन नीट कसं जुळवायचं, यांसाठी छोटी छोटी उपकरणं बनवायच्या खटपटी त्यांनी केल्या. कॉम्प्युटर ‘शिकायचा’ म्हणून तिथं कुणी बसलं नव्हतं. इंजिन दुरुस्त करायचं होतं, कॉम्प्युटर त्या ओघात आला. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले. विज्ञान आश्रम मात्र पुढे चालू राहिला.

बरं, आता पोखर्णीच्या मैत्रिणीकडे वळतो.

अगं, तुला अजून कॉम्प्युटर येत नाही. राग मानू नकोस. तू प्रमाणपत्रावर विश्वास ठेवला नाहीस आणि हे विचारलंस, म्हणजे अर्धं काम झालंय. आणि तू एकटी नाहीस. २०२३ मध्ये ‘असर’ची जी पाहणी झाली, ती २८ जिल्ह्यांतल्या खेड्यांमधल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची होती. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या शंभर मुलग्यांपैकी जवळजवळ ४४ जणांकडे स्वतःचा फोन होता, आणि शंभर मुलींपैकी फक्त २० जणींकडे. घरी कॉम्प्युटर वा लॅपटॉप असलेले तर शंभरात नऊच. ज्यांच्या घरी होता त्यांच्यापैकी ८५ टक्क्यांना तो वापरता येत होता. ज्यांच्या घरी नव्हता त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांना. आई-बाबा वाचत असतील तर त्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. आणि दादानं तर नक्कीच!

तू विचारलंयस, एमएस-सीआयटी लगेच करू का? महाराष्ट्रात हा कोर्स २००१ पासून आहे, लाखो जणांनी केलाय, पुढे सरकारी नोकरीच्या वेळी त्याची विचारणा होते. पण माझ्या मते नववीत त्याची घाई नको. फी भरून पुन्हा पाचांतली पाचवी होऊन बसलीस तर काय उपयोग? आधी चौकशी कर : एका यंत्रावर किती जण, आणि सरावाला वेगळा वेळ मिळतो का?

तोवर एक गोष्ट विजेशिवाय आणि पैशांशिवाय करता येईल. मराठी टायपिंग. १९८६ मध्ये सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं भारतीय भाषांसाठी एक कळफलक ठरवला, ‘इनस्क्रिप्ट’. आजही जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये तो असतोच, नुसता चालू करावा लागतो. त्याची रचना मोठी शहाणी आहे. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बरीचशी व्यंजनं. ‘क’ ज्या कळीवर आहे तीच शिफ्टबरोबर दाबली की ‘ख’. ‘ग’ची शिफ्टसह ‘घ’. ‘प’ची ‘फ’. आणखी एक मजा : तेलुगू, कानडी, गुजराती यांनाही हीच रचना. ‘क’ची कळ तीच, फक्त उमटणारं अक्षर त्या भाषेचं. तुझी एखादी मैत्रीण तेलुगू असेल तर दोघी एकाच कळफलकावर शिकाल.

पुठ्ठ्याचा तुकडा घे आणि खऱ्या कळफलकाएवढ्या मापाचा कळफलक त्यावर आख. इंग्रजी अक्षरं लिही, खाली मराठी. जुन्या टायपिंग क्लासमध्ये असंच डोळे मिटून बोटांना वळण लावायचे. मग तुझ्या गावाचं नाव लिही. एच दाबलं की ‘प’. ए दाबलं की ओकाराची मात्रा, झालं ‘पो’. शिफ्ट धरून के : ‘ख’. मग जे, म्हणजे ‘र’. लगेच डी, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह. शिफ्ट धरून सी : ‘ण’. आणि शेवटी आर, दीर्घ वेलांटी. पाय मोडलेला ‘र’ आपोआप उडी मारून ‘णी’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. सात कळांत पोखर्णी! पंधरा दिवस रोज दहा मिनिटं हे कर. पुढच्या वेळी खऱ्या कॉम्प्युटरसमोर बसलीस की बाकीचे एकेक अक्षर शोधत असतील, आणि तुझी बोटं त्यांच्याआधी तिथं पोचलेली असतील.

आणि माऊसचं? त्यावरही तोडगा आहे, पण तो तुम्हां सगळ्यांकडून हवा. तुमच्या शाळेत एका यंत्रावर चार-पाच जण बसत असाल, तर पाळी कशी लावता? कुणी घड्याळ लावतं का? माऊस एकाकडे आणि कळफलक दुसऱ्याकडे असं कुणी करून पाहिलंय का? भांडण झालं तर सर काय करतात? मला लिहून कळवा. पोस्टकार्ड चालेल. चांगल्या युक्त्या पुढच्या महिन्यात याच पानावर छापीन, आणि एक प्रत मामाच्या गावच्या त्या वर्गाच्या सरांना द्यायला पोखर्णीला पाठवीन.

मैत्रिणी, पुठ्ठा तयार झाला की कळव. आणि ‘ण’ला शिफ्ट विसरू नकोस, नाहीतर गावाचं ‘पोखर्मी’ होईल!

तुमचा,
काका