चिखलांतील मित्र : मडकिप व निवटी

आवडीनिवडीविषयीं वाद घालूं नये, असें म्हणतात. तथापि आमच्या एका आवडीवरून घरोघरीं वाद होत असल्यामुळें तिची बाजू मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. ही आवड म्हणजे पोकेमॉन या खेळांतील मडकिप नांवाचा प्राणी होय. वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, पडद्यावरील खोट्या जनावरांत मुलांचा जीव गुंतला आहे. हा आक्षेप कितपत खरा आहे, तें पाहूं.

प्रथम मडकिपची ओळख करून देतों. २००२ सालीं जपानांत निघालेल्या 'रूबी' व 'सफायर' या खेळांच्या आरंभीं खेळणाऱ्यास तीन प्राण्यांतून एक सोबती निवडावयाचा असतो. ट्रीको हा रानांतला, टॉर्चिक हें अग्नि ओकणारें पिलूं, आणि मडकिप पाण्यांतला. रंग निळा, गालांवर नारिंगी कल्ले, व डोक्यावर माशाला असतो तसा एक पर. या पराच्या योगें पाण्याची व वाऱ्याची हालचाल त्याला डोळ्यांवांचून कळते. देह लहान, पण चार पाय रोवून तो मोठाले धोंडे उचलतो. आणि झोंपतो कोठें, तर पाण्याच्या कांठीं मातींत स्वतःस पुरून घेऊन! वाढून मार्शटॉम्प झाला म्हणजे ओहोटीच्या वेळीं तो किनाऱ्यावरील चिखलांत खेळतो. आणखी वाढून स्वॅम्पर्ट झाला म्हणजे लाटांच्या आवाजावरून येणारें वादळ ओळखतो व धोंडे रचून आडोसा करतो. ज्या चिखलाला आपण घाण म्हणतों, त्यांतल्या या गरीब जीवास खेळानें वीराचा मान दिला, म्हणून तो आम्हांस प्रिय आहे.

परंतु हा प्राणी अगदींच खोटा आहे काय? त्याचें इंग्रजी नांव मडस्किपर या माशाच्या नांवाशीं जुळतें, आणि हा मासा आमच्या खाडीकांठचाच आहे. आगरी व कोळी लोक त्याला निवटी म्हणतात व आवडीनें खातात. निवटीचे डोळे डोक्याच्या अगदीं वर असतात. कल्ल्यांच्या पोकळींत पाणी सांठवून व ओल्या कातडीनें श्वास घेऊन ती पाण्याबाहेर राहते, पुढच्या परांवर सरकत चालते, टुणकन् उडी मारते, आणि चिखलांत बीळ करून राहते. मडकिपचे सर्व गुण तोंडपाठ सांगणाऱ्या आमच्या सोबत्यांपैकीं कितीकांनीं निवटी पाहिली आहे? हा प्रश्न आम्हांस लाजविणारा आहे.

पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी हे लहानपणीं टोकियोजवळील माचिदा येथें किडे गोळा करीत. पुढें शहर वाढलें, तळीं व रानें बुजलीं. तो आनंद शहरांतील मुलांस पुन्हा मिळावा, या इच्छेनें त्यांनीं हा खेळ रचला, व २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं तो जपानांत प्रथम विक्रीस आला. म्हणजे मुलांना निसर्गापासून दूर नेणारा म्हणून ज्या खेळास दोष देतात, तो निसर्ग हरवल्याच्या हळहळींतूनच जन्मला आहे.

आमचें उलवेंहि त्याच वाटेनें चाललें आहे. ११ नोव्हेंबर २०१८ रोजीं खारकोपरपर्यंत आगगाडी आली, १२ जानेवारी २०२४ रोजीं अटल सेतूचें उद्घाटन झालें, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नव्या विमानतळावरून विमानें उडूं लागलीं. या विमानतळासाठीं उलव्याची टेकडी तोडली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, व खाजणावर भराव पडला. आम्ही या सोयींची निंदा करीत नाहीं. आमच्यांतील पुष्कळांचे आईवडील त्यांच्याच आशेनें येथें राहावयास आले. परंतु खेळांतला मडकिप हरला तर क्षणांत पुन्हा बरा होतो, निवटीचें तसें नाहीं. तिचा चिखल एकदां बुजला कीं तिला दुसरा डाव नाहीं.

म्हणून आमचें मत असें. तासन् तास पडद्यासमोर बसणें वाईटच. त्याबद्दल पालकांनीं अवश्य रागें भरावें. मात्र त्या आवडीचा उपहास करूं नये, तिला बाहेरची वाट दाखवावी. एखाद्या रविवारीं ओहोटी पाहून मुलांस खाडीच्या बांधावर न्यावें. चिखलांत न उतरतां तेथूनच निवटी दाखवावी. आणि विद्यार्थिमित्रहो, पोकेडेक्समध्यें जशी प्रत्येक प्राण्याची नोंद असते, तशी एक वही आपणहि करूं या : कोणता जीव, कोठें दिसला, कोणत्या तारखेस. पहिल्या पानावर निवटीचें नांव असावें. पुढें कोणी विचारलें कीं या चिखलांत काय आहे, तर उत्तर देण्यास ती वही आपल्या हातीं असेल.