‘मूळ’ आवाजाचा आग्रह

मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. त्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम १९९५ नंतर थेट २०१२ मध्ये आला. अशा वेळी ‘पूर्वीचे ते राहिले नाहीत’ असा निकाल देणारा चाहता कलाकृतीची नव्हे, स्वतःच्या तारुण्याची समीक्षा करीत असतो. (शीर्षकातला उत्क्रांतीचा दावाही तपासलाच पाहिजे; पण नव्या रचनांच्या अंतर्गत संगतीवर, जुन्या कॅसेटच्या आठवणीवर नव्हे.) ही ‘मूळ’निष्ठा कोल्हापुरात तरी टिकू नये. पुढे शाहू महाराजांच्या दरबारी आलेल्या अल्लादियाखाँसाहेबांनी, आवाज गेल्यानंतर, आपली गायकी नव्याने घडविली होती. आणि आज तीच जयपूर-अत्रौली घराण्याची ‘मूळ’ गायकी म्हणून रसिक राखीत बसले आहेत!