उलटी टांगलेली अळी

सौंसरजवळच्या आमच्या वावरात, हरभऱ्याच्या शेंड्याला मागच्या पायांनी उलटी लटकलेली काळपट घाटेअळी मी पहिल्यांदा पाहिली. बोट लावताच ती फुटली आणि नुसतं पाणी ओघळलं. त्या पाण्यात विषाणू होता, एचएएनपीव्ही. माणसाला, बैलाला, मधमाशीला तो काही करत नाही. मरते ती घाटेअळीच. हेक्टरी २५० रोगट अळ्यांचा अर्क पुरतो. फवारणी मात्र ऊन उतरल्यावरच, कारण उन्हानं विषाणू निकामी होतो. म्हणून तर द्रावणात नीळ घालतात.

पण माझं म्हणणं मक्याबद्दल आहे. अमेरिकेतली लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याला सापडली आणि पुढं आमच्याही मक्याच्या पोंग्यात शिरली. एका दुकानदारानं तिच्यासाठी मला हरभऱ्यावरच्या विषाणूचीच बाटली दिली. पंपावर पंप मारले, अळी जशीच्या तशी! तिचा विषाणू वेगळा असतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. बंगळुरूच्या एनबीएआयआर या राष्ट्रीय संस्थेनं तो शोधून ठेवलाय.

२०२३ मध्ये आमचा पांढुर्णा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, पाट्या लागल्या. आता लष्करी अळीचा विषाणू इथंच तयार करणारी एक प्रयोगशाळा द्या. विषाणूनं अळी मरायला काही दिवस जातात, त्यामुळं ती बारीक असतानाच फवारा बसायला हवा. दूरच्या शहरातून बाटली येईपर्यंत ती बोटाएवढी होते आणि स्वतःच्याच विष्ठेचं बूच लावून पोंग्यात बसते. मग तिथं काहीच पोचत नाही.