वंध्यत्वाच्या तपासणीत सीलिॲकची चाचणी हवी

लग्नाला वर्षे लोटूनही दिवस जात नाहीत किंवा गर्भ पुन्हा पुन्हा पडतो, तेव्हा त्या स्त्रीची सोनोग्राफी होते, थायरॉइड आणि संप्रेरके तपासली जातात. सीलिॲक आजाराची रक्तचाचणी मात्र बहुतेकदा राहून जाते. या आजारात गहू, जव यांतील ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म उंचवटे झिजतात आणि खाल्लेले लोह, फोलेट, जस्त अंगी लागत नाही. जुलाब होतातच असे नाही. गोळ्या घेऊनही न हटणारा ॲनिमिया हे काहींचे एकमेव लक्षण असते. ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५’नुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे. त्या गर्दीत हा आजार सहज लपतो.

डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवरील २०१८चा अभ्यास इथे मोलाचा आहे. निदानापूर्वी सीलिॲक असलेल्या स्त्रियांत गर्भपात आणि मृतजन्म इतरांहून जास्त होते. निदानानंतर तो फरक उरला नाही. ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत या स्त्रियांत वंध्यत्वाचे एकूण प्रमाण वाढलेले दिसले नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच सरसकट सगळ्यांची तपासणी नको. पण कारण न सापडलेले वंध्यत्व किंवा वारंवार गर्भपात असल्यास चाचणीचा विचार करा, असे ब्रिटनच्याच ‘नाइस’ संस्थेची २०१५ची मार्गदर्शिका सांगते. हा उत्तरेकडचा आजार, असेही म्हटले जाते. दिल्ली परिसरातील पाहणीत शंभरात सुमारे एकाला तो आढळला आणि दक्षिणेत प्रमाण बरेच कमी आहे, हे खरे. पण ज्या महाराष्ट्रात पोळी रोजच्या ताटात आहे, तिथे तो गृहीतच न धरणे शहाणपणाचे नाही.

मात्र संशयावरून परस्पर गहू सोडू नये; तसे केल्यास चाचणी फसवी येते. निदान पक्के झाले, तर पथ्य आयुष्यभराचे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आपल्याकडे आहेतच, फक्त पीठ गव्हाच्या गिरणीवर दळलेले नसावे आणि हिंगातली कणीकही तपासावी. आयव्हीएफवर लाखो रुपये खर्च करण्याआधी ही एक चाचणी झाली का, हे प्रत्येक दांपत्याने विचारावे आणि डॉक्टरांनी ते विचारण्याची वेळच येऊ देऊ नये.